मालिकांतील ‘ऑफिस-प्रेम’ आणि प्रेक्षकांचे तर्क

वैराग (ता. बार्शी) : मालक आपल्याच कंपनीतल्या नवख्या मुलीवर खरेच प्रेम करतो, की त्यामागे त्याचा काही वेगळा हेतू आहे? २०१८-१९ मध्ये रात्री साडेआठचा भाग संपला, की महाराष्ट्रातील घराघरांत हाच प्रश्न चर्चिला जात असे. पुण्या-मुंबईच्या सदनिका असोत वा बार्शी-सोलापूर रस्त्यावरचे वैरागसारखे बाजारपेठेचे गाव, ‘झी मराठी’वरील ‘तुला पाहते रे’ या मालिकेने प्रेक्षकांना तर्क लढवण्याची सवयच लावली होती. कार्यालयात फुलणारे, किंवा फुलेल असे वाटणारे प्रेम आणि त्याविषयीचे प्रेक्षकांचे अंदाज हा दूरचित्रवाणी मालिकांच्या इतिहासातील एक स्वतंत्र अध्याय आहे. त्याचा हा आढावा.

विक्रांत आणि ईशा

‘तुला पाहते रे’ १३ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झाली आणि जुलै २०१९ मध्ये तिने निरोप घेतला. सुबोध भावे यांनी साकारलेला उद्योगपती विक्रांत सरंजामे आणि गायत्री दातार यांनी रंगवलेली चाळीत राहणारी ईशा निमकर यांच्या वयात सुमारे वीस वर्षांचे अंतर. सर्वसामान्य घरातील ही मुलगी सरंजामेंच्या कंपनीत कामाला लागते आणि मालकाच्या नजरेत भरते, इतके कथानक पहिल्या काही आठवड्यांतच स्पष्ट झाले. त्यानंतर प्रेक्षकांमध्ये सरळ दोन तट पडले.

पहिल्या तटाला ही निखळ प्रेमकथा वाटत होती. विक्रांतचा संयम, ईशाच्या आईवडिलांशी त्याचे आदराने वागणे, श्रीमंतीचा बडेजाव न मिरवणे हे या तटाचे पुरावे. दुसऱ्या तटाला नेमका हाच संयम खटकत होता. ‘राजनंदिनी’ या नावाभोवतीचे गूढ, विक्रांतची सहायक मायरा हिची अस्वस्थता आणि विश्वासू झेंडे यांच्याशी चालणाऱ्या त्याच्या कुजबुजी यांची सांगड घालून या मंडळींनी दोन निष्कर्ष काढले. एक, विक्रांत दिसतो तसा नाही. दोन, ईशाचा राजनंदिनीशी काही तरी पूर्वसंबंध आहे.

जानेवारी २०१९ मध्ये मालिकेत दोघांचा विवाह थाटामाटात पार पडला आणि त्यानंतर दुसऱ्या तटाची सरशी होऊ लागली. विक्रांत हा मूळचा गजेंद्र पाटील. सरंजामे घराण्याच्या संपत्तीसाठी त्याने राजनंदिनीचा घात केला आणि ईशा हा राजनंदिनीचाच पुनर्जन्म, असे कथानक उलगडत गेले. राजनंदिनीच्या भूमिकेत शिल्पा तुळसकर आल्या. नायक म्हणून अवतरलेली व्यक्तिरेखा खलनायक ठरली. हे वळण अनेकांना रुचले नाही. ‘आमची प्रेमकथा हिरावून घेतली’ अशी पहिल्या तटाची भावना होती, तर पहिल्या महिन्यापासून संशय घेणाऱ्यांना आपली पारख खरी ठरल्याचे समाधान मिळाले.

सरहद्दीवरच्या जिल्ह्यात तीन भाषांत एकच गोष्ट

या गोष्टीला सोलापूर जिल्ह्यात आणखी एक पदर आहे. जिल्ह्यात मराठीबरोबरच कन्नड आणि तेलुगू बोलणारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. अक्कलकोटकडे कन्नड, तर सोलापूर शहरातील विणकर समाजात तेलुगू घराघरांत बोलली जाते. ‘तुला पाहते रे’वरून सप्टेंबर २०१९ मध्ये कन्नडमध्ये ‘जोते जोतेयली’ आणि २०२० मध्ये तेलुगूत ‘प्रेम एन्त मधुरम्’ या मालिका आल्या. पुढे तमिळ, मल्याळम आदी भाषांतही हे कथानक गेले आणि २०२५ मध्ये ‘झी टीव्ही’वर ‘तुम से तुम तक’ हा हिंदी अवतार सुरू झाला.

परिणामी तर्काचे स्वरूपच बदलले. मूळ मराठी मालिका पाहिलेल्या प्रेक्षकाला शेवट ठाऊक असतो. त्याचा प्रश्न ‘पुढे काय होणार’ हा राहत नाही. ‘या वेळी तरी मालक खरा निघेल का’ हा होतो.

लपवलेले लग्न, लपवलेली ओळख

कार्यालय हे मराठी मालिकांना नवे नाही. ‘का रे दुरावा’ (२०१४-१६) मध्ये सुयश टिळक आणि सुरुची अडारकर यांनी साकारलेले जय आणि अदिती हे पती-पत्नी एकाच कार्यालयात काम करत आणि नोकरी टिकवण्यासाठी आपले लग्न लपवून ठेवत. येथे प्रेम आहे की नाही, हा प्रश्नच नव्हता. ते कोणाच्या, केव्हा आणि कसे लक्षात येणार, यावर प्रेक्षकांच्या पैजा लागत.

‘माझी तुझी रेशीमगाठ’ (२०२१-२३) मध्ये श्रेयस तळपदे यांचा यश हा कंपनीचा मालक, तर प्रार्थना बेहेरे यांची नेहा ही तेथील कर्मचारी आणि एका चिमुकलीची एकटी आई. यश सुरुवातीला तिच्यापासून आपली खरी ओळख लपवतो. तर्काचा विषय पुन्हा तोच : हे समजल्यावर ती काय करील?

हिंदीत २००३ मध्ये ‘सोनी’वर सुरू झालेल्या ‘जस्सी जैसी कोई नहीं’ने हा साचा भारतभर लोकप्रिय केला. ‘गुलमोहर’ या फॅशन कंपनीतील साधीसुधी जस्सी आणि तिचा मालक अरमान सुरी यांची ही कथा ‘बेट्टी ला फेआ’ या कोलंबियातील मालिकेवरून घेतलेली होती. जस्सी साकारणाऱ्या मोना सिंग यांचा खरा चेहरा दीर्घकाळ गुप्त ठेवण्यात आला. त्यामुळे प्रेक्षकांना एकाच वेळी दोन कोडी सोडवावी लागत होती.

‘सीआयडी’तील न बोललेले प्रेम

वरील मालिकांत प्रेम हाच गाभा. ज्या मालिकेत प्रेम जवळजवळ नसतेच, तेथे मात्र तर्कांना खरा बहर येतो. याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘सीआयडी’. जानेवारी १९९८ मध्ये सुरू झालेली ही मालिका ऑक्टोबर २०१८ पर्यंत दीड हजारांहून अधिक भाग चालली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा पडद्यावर आली. शिवाजी साटम यांच्या एसीपी प्रद्युम्नमुळे ती मराठी घरांत विशेष आपलीशी झाली.

या मालिकेत खून आणि तपास यांपलीकडे फारसे काही घडत नसे. तरीही न्यायवैद्यक प्रयोगशाळेत इन्स्पेक्टर अभिजीत आणि डॉ. तारिका यांची नजरानजर व्हायची आणि डॉ. साळुंखे अभिजीतला टोमणा मारायचे. दया आणि श्रेया यांच्यातील संकोच तर त्याहून अबोल. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर चाहत्यांनी शेकडो कथा रचल्या. अभिजीत आणि तारिका यांच्या नावांचा संधी करून ‘अभिरिका’ हा शब्दही घडवला.

हा प्रकार जगभर आढळतो. अमेरिकेत १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘द एक्स फाइल्स’मधील मल्डर आणि स्कली या तपास अधिकाऱ्यांचे प्रेम जमावे असे म्हणणारे चाहते स्वतःला ‘रिलेशनशिपर’ म्हणवून घेऊ लागले. त्याचेच पुढे ‘शिपर’ झाले आणि दोन व्यक्तिरेखांची जोडी मनोमन जुळवण्याला ‘शिपिंग’ हा शब्द रूढ झाला. म्हणजे ही संज्ञाच मुळी सहकाऱ्यांच्या संभाव्य प्रेमातून जन्मली.

तर्क का लढवले जातात?

क्रमशः कथेची ओढ मराठी वाचकाला जुनीच आहे. १८९० पासून ‘करमणूक’मध्ये हरि नारायण आपटे यांच्या कादंबऱ्या प्रकरणाप्रकरणाने येत, तेव्हाचा वाचकही पुढच्या अंकाची वाट पाहत असे. दैनंदिन मालिकेत हा अवकाश चोवीस तासांचा होतो. भागाच्या अखेरीस कथा अडवून ठेवली जाते आणि ती रिकामी जागा प्रेक्षक भरतो.

दुसरे कारण व्यावसायिक आहे. मालिकांचे चित्रीकरण प्रक्षेपणाच्या फारसे पुढे नसते. त्यामुळे प्रेक्षकसंख्येचे साप्ताहिक आकडे पाहून कथानक लांबवणे, वळवणे वा आवरते घेणे शक्य असते. ही मोजणी करणाऱ्या ‘बार्क’ने ऑक्टोबर २०१५ पासून ग्रामीण भागाचे आकडेही देण्यास सुरुवात केली. तोवर केवळ शहरी पसंतीवर ठरणाऱ्या गणितात खेड्यापाड्यांतील प्रेक्षकही आला. आपल्या आवडीनिवडीला वजन आहे, ही जाणीव तर्काला बळ देते.

करमणुकीपलीकडचा प्रश्न

मात्र या तर्कांत केवळ विरंगुळा नाही. वैरागसारख्या गावातून शिक्षण संपवून सोलापूर वा पुण्याला नोकरीसाठी जाणाऱ्या अनेक मुलींना कार्यालयाचे पहिले दर्शन मालिकेतूनच घडते. ‘मालकाच्या मनात काय आहे’ हा पडद्यावरील प्रश्न त्यांच्या पालकांच्या दृष्टीने खराखुरा असतो.

मालिकांत मालकाचा पाठलाग, भेटवस्तू, कारण नसताना दिलेली बढती हे सारे प्रेमाच्या खात्यात जमा होते. कायद्याची दृष्टी वेगळी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ‘विशाखा’ प्रकरणात घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनंतर २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा कायदा झाला. दहा किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. त्याहून लहान आस्थापनांतील, तसेच खुद्द मालकाविरुद्धच्या तक्रारींसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समितीची तरतूद आहे. परस्पर संमतीच्या प्रेमाला कायद्याची आडकाठी नाही. नको असलेल्या लगटीला जोडून दाखवलेले बढतीचे आमिष किंवा नोकरी जाण्याची धमकी मात्र छळातच मोडू शकते. मालिकांतील आलिशान कार्यालयांत ही समिती क्वचितच दिसते.

या पार्श्वभूमीवर ‘तुला पाहते रे’च्या संशयखोर प्रेक्षकांचे वागणे बारकाईने पाहण्याजोगे आहे. त्यांनी गोड संवादांपेक्षा वर्तनाकडे लक्ष दिले. मायरा का अस्वस्थ आहे, झेंडेंना काय ठाऊक आहे, जुन्या घटना कोण दडपतो आहे, असे प्रश्न त्यांनी विचारले. नव्या नोकरीत पाऊल ठेवणाऱ्या मुलीने आणि तिच्या घरच्यांनी विचारावेत, असेच हे प्रश्न आहेत. दिवाणखान्यातील चर्चेतून त्यांची सवय लागत असेल, तर मालिकेपुढे घालवलेला रोजचा अर्धा तास अगदीच वाया गेला, असे म्हणता येणार नाही.