गुडघ्याची वाटी आणि सावलीचे शास्त्र

आपल्या पाथरीचे जुने नाव पार्थपूर. या गोदाकाठच्या पार्थपुरी ज्ञानराज नावाचे ज्योतिषी होऊन गेले, इ. स. १५०३ च्या सुमारास त्यांनी ‘सिद्धान्तसुंदर’ हा ग्रंथ रचिला. ग्रहण म्हणजे सावली, आणि शंकूवरून वेळ काढावयाची तीही सावलीवरूनच. तेव्हा सावलीवरून वस्तूचा ठाव घेण्याची विद्या या गावास परकी नव्हे. वाटीच्या संधिवाताच्या निदानाचा इतिहासही बव्हंशी सावलीचाच आहे.

सुश्रुतसंहितेने गुडघ्याचे हाड ‘कपाल’ या वर्गात घातले. कपाल म्हणजे खापर. आपल्या आयाबाया त्यालाच वाटी म्हणतात. ही वाटी मांडीच्या हाडाच्या खोबणीत वरखाली सरकते, आणि दोहोंवर गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते. ते झिजले की जिना उतरताना, उकिडवे बसून उठताना वाटीमागे कळ येते. निंदणीला जाणाऱ्या बाईस हे आम्ही सांगावयास नको. आयुर्वेदाने ‘संधिगत वात’ म्हणून दुखणे ओळखले खरे, पण जिवंत माणसाचा सांधा न कापता आतून पाहण्याची सोय जगात कोणापाशीच नव्हती.

ती सोय ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत राँटजेनला सापडली. क्ष-किरण मांसातून पार जातात, हाडापाशी अडतात आणि मागे हाडाची सावली पडते. दोनच वर्षांनी, १८९७ च्या तिराह मोहिमेत, सरहद्दीवरील जखमी शिपायांच्या अंगातील गोळ्या या किरणांनी शोधल्या गेल्या. गुडघ्याची वाटी मात्र हुलकावणी देत राहिली. समोरून चित्र घ्यावे तर वाटीची सावली मांडीच्या हाडाच्या सावलीत बुडते. बाजूने घ्यावे तर खोबणीच्या दोन्ही कडा एकीवर एक येतात. १९२१ मध्ये सेटेगास्टने गुडघा पुरता दुमडून वाटीच्या रेषेत किरण सोडण्याची रीत सांगितली. पण इतका दुमडला की वाटी खोल जाऊन बसते, आणि खोबणीचा वरचा भाग नजरेआडच राहतो. १९७४ साली मर्चंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडघा ४५ अंशच वाकवून चित्र घेतले, तेव्हा वाटी आणि खोबण यांमधली फट नीट दिसू लागली. सूर्य तोच, शंकू तोच. उभे कोठे राहावे एवढाच काय तो प्रश्न होता! मधल्या काळात, १९५७ मध्ये, केलग्रेन व लॉरेन्स यांनी झिजेच्या पायऱ्या ठरविल्या. गुडघ्यासाठी त्या समोरच्या चित्रावर बेतल्या गेल्या, आणि वाटीचे दुखणे हिशेबाबाहेर राहिले. आमच्या मते या विषयातील सर्वांत महाग पडलेली चूक ती हीच.

कूर्चेची मात्र सावलीच पडत नाही. फट अरुंद झाली, हाडाला काटे फुटले, की कूर्चा गेली असे अनुमान करावयाचे. एमआरआय सावलीवर चालत नाही. प्रबळ चुंबकात शरीरातील पाण्याचे हायड्रोजन-अणू जी साद देतात, तिच्यावरून चित्र बनते. १९४६ मध्ये ब्लॉख व पर्सेल यांनी ही साद ऐकली; १९७३ मध्ये लॉटरबरने तिचे चित्र केले. आता कूर्चेवरची चीर, हाडाच्या मगजातील सूज, सांध्यातले पाणी, सारे दिसते.

मग क्ष-किरण मोडीत काढावेत काय? २०१२ मध्ये अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील अभ्यास प्रसिद्ध झाला. क्ष-किरणांत झीज न दिसलेल्या, पन्नाशी उलटलेल्या ७१० माणसांचे एमआरआय काढले, तो ८९ टक्क्यांत काही ना काही दोष निघाला. आणि ज्यांचे गुडघे दुखत नव्हते त्यांच्यातही प्रमाण जवळजवळ तेवढेच. म्हणजे यंत्र खोटे बोलत नाही, पण विचारल्यापेक्षा अधिक बोलते. शिवाय चित्र निजवून काढतात, वाटी तर चालताना दुखते.

ब्रिटनमधील अधिकृत मार्गदर्शन तर असे की, वय ४५ वा अधिक, दुखणे हालचालीने वाढणारे, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक नाही, तर झिजेच्या निदानास चित्रच नको. शंका उरली तर वाटीचे स्वतंत्र क्ष-किरण चित्र मागावे. नेहमीच्या दोन चित्रांत ते असतेच असे नाही. गुडघा अडकत असेल, मार लागला असेल, रात्री विनाकारण ठणकत असेल, तर एमआरआयचा खर्च आणि शहरापायी बुडालेली मजुरी सार्थकी लागते. साध्या झिजेत मात्र दोन्ही चित्रांनंतर वैद्य बहुधा तेच सांगतात: मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम करा, वजन उतरवा.