पेरणाऱ्याचा दृष्टांत आणि नागपूरची माती

पेरणाऱ्याचा दृष्टांत मत्तय, मार्क आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानांत आहे. त्याचे काही बी वाटेवर पडते, काही खडकाळीवर, काही काट्यांत आणि उरलेले चांगल्या जमिनीत. नागपूरकडच्या शेतकऱ्याला हा माणूस निष्काळजी वाटण्याचा संभव आहे. इकडे ज्वारी तिफणीने पेरत आले आहेत. चाड्यावर मूठ धरणारी बाई दाणे सोडते आणि नळ्यांतून ते थेट तासात उतरतात. पांदणीत बी सांडत नाही.

पहिल्या शतकातील गालिलात गहू आणि जव हाताने फेकून पेरत. पूर्व विदर्भातील आवत्या धानाची पेरणी या रीतीच्या जवळची आहे. उन्हाळ्यात मोकळ्या शेतांतून माणसे-जनावरे ये-जा करत, त्यामुळे पायवाटा घट्ट होत. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसाबरोबर पेरणी होई आणि हलक्या नांगराने बी मातीआड केले जाई. वाटेवरचे दाणे त्याआधीच पाखरे टिपत.

खडकाळी म्हणजे चुनखडीच्या कातळावरचा मातीचा पातळ थर. तिथे बी झटकन उगवते, पण मूळ खोल जात नाही आणि ऊन वाढताच रोप करपते. नागपूर जिल्ह्यातील बरडी जमिनीचाही हाच अनुभव आहे. नागपूर काळ्या पाषाणाच्या पूर्व कडेवर वसले आहे. त्यामुळे थोड्या अंतरात काळी कन्हार संपून हलकी माती लागते. १८४५ मध्ये इथे आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी या खडकांचा अभ्यास केला. रॉबर्ट हंटर यांच्यासह लिहिलेला त्यांचा नागपूर परिसराच्या भूगर्भावरील लेख १८५५ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला.

काट्यांचे कारण नांगरात आहे. हलका नांगर वरची माती उकरतो. विदर्भातल्या कुंद्याप्रमाणे तणाची मुळे खाली जिवंत राहतात. तिफणीच्या तासांमधून डवरा चालवता येतो, फेकून पेरलेल्या शेतात ती सोय नसते.

चांगल्या जमिनीत पीक तीसपट, साठपट, शंभरपट येते. उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकाला मिळालेले शंभरपट पीक हा देवाचा आशीर्वाद मानला आहे. गालिलातील श्रोत्यांना बियाण्याची नासाडी नेहमीची होती, म्हणून पेरणाऱ्याला दोष देण्याचे त्यांना कारण नव्हते. बी एकच, पेरणारा एकच, फरक मातीचा. वचन ऐकणारे मन कोणत्या मातीचे आहे, हाच प्रश्न दृष्टांत श्रोत्यापुढे ठेवतो.