आज्ञा कोणाची? : केडगावच्या पंडिता रमाबाई

भीमेच्या एका अंगाला शिरूर आणि दुसऱ्या अंगाला दौंड. पुणे जिल्ह्याचा हा पूर्वेकडचा मुलूख पर्जन्यछायेतला. आज कालव्याच्या पाण्यावर तिथे उसाचे मळे उभे आहेत. परंतु शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पावसाने पाठ फिरवली की माणसे वाट फुटेल तिकडे निघत. शिरूरला पेशवाईच्या अखेरीस इंग्रजी पलटणींची छावणी होती. पुढे अमेरिकन मराठी मिशननेही तिथे आपले ठाणे केले. या मुलखात ख्रिस्ती नाव असे जुने आहे. पण नम्रता आणि आज्ञापालन हे ख्रिस्ती गुण मराठी मातीत कसे रुजले, आणि रुजताना त्यांनी कोणाकोणाशी भांडण मांडले, हे पाहायचे तर पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावला जावे लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन ते हेच.

रमाबाईंना आज्ञाधारक म्हटले, तर त्यांचे चरित्र जाणणारा वाचक हसेल. ही बाई आयुष्यभर कोणाचे ऐकती झाली? १८५८ साली जन्मलेल्या या मुलीला तिच्या वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगरे यांनी, लोकनिंदा पत्करून संस्कृत शिकवण्याची व्यवस्था केली. तीर्थाटनात आणि पुराण सांगण्यात कुटुंबाचे दिवस गेले. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले, थोरली बहीण गेली. व्रते, उपास, दानधर्म यांत काही कसूर झाली नव्हती, तरी अन्नावाचून घर बसले. रमाबाईंच्या मनात संशयाचे बीज पडले ते तेव्हा. तो ग्रंथ वाचून आलेला संशय नव्हता, भुकेने आणलेला होता. म्हणूनच तो पंडितांच्या उत्तरांनी फिटला नाही.

१८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविले. १८८० साली त्यांनी जातीबाहेर विवाह केला, आणि १८८२ च्या आरंभी पती बिपिनबिहारी वारले. तान्ह्या मनोरमेला घेऊन ही तरुण विधवा पुण्यास आली, आर्य महिला समाज काढला, आणि १८८३ साली इंग्लंडला गेली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथील मठात मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

इथे गोष्ट संपली असे त्यांच्या गुरुभगिनींना वाटले असावे. वास्तविक खरी गोष्ट इथे सुरू झाली. मठातील सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाई लाडाने ‘आजीबाई’ म्हणत. या दोघींचा पत्रव्यवहार पुढे १९७७ साली प्रसिद्ध झाला. तो वाचताना मोठे तत्त्वज्ञान आणि रोजची कटकट एकाच पानावर भेटतात. आपण अंडे घातलेले पक्वान्न खाणार नाही, असे रमाबाई म्हणत. आजीबाईंना त्यात जातीचा अहंकार दिसे. क्रुसावर लॅटिन अक्षरे कोरावयाची ठरली, तर रमाबाई विचारीत की माझ्या देशातल्या स्त्रियांना लॅटिन काय कळणार, संस्कृत का नको? चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात शिकत असताना पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याचा प्रश्न निघाला, आणि बिशपांनी नको म्हटले. याहून मोठा वाद त्रैक्याच्या सिद्धांताचा. चर्चचा आदेश आहे म्हणून तो मान्य करावयास रमाबाईंचे मन घेईना. एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविले, ते दुसऱ्याचे चढविण्यासाठी नव्हे, अशा आशयाचे त्यांनी लिहिले.

आजीबाईंचे म्हणणे साधे होते: ही गर्विष्ठ आहे, हिला लीन होणे ठाऊक नाही. हा आरोप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्या धर्मात नम्रता हा पहिला गुण, त्यात शिरून प्रत्येक गोष्टीला ‘का’ विचारणाऱ्या बाईला काय म्हणावे? रमाबाईंचे उत्तर असे, की देवाची आज्ञा आणि देवाच्या नावाने बोलणाऱ्या माणसांची आज्ञा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे बोलायला सोपे. पण असे म्हणणाऱ्यावर एक जबाबदारी येते: माणसांची आज्ञा मोडल्यावर देवाची आज्ञा पाळून दाखवावी लागते. नाहीतर स्वातंत्र्याच्या नावाखाली नुसता हेकटपणा उरतो.

ही परीक्षा मायदेशी झाली. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले. धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई या इथल्याच विद्यार्थिनी. १८९३ साली मोठे वादळ उठले. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, हा धर्मांतराचा डाव आहे, असा बोभाटा झाला. ‘केसरी’ने झोड उठविली. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांचीही बाजू होती: धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याच्या भरवशावर त्यांनी मुली पाठविल्या होत्या. रमाबाईंचे म्हणणे, मी कोणावर सक्ती केली नाही, पण माझ्या खोलीचे दार मी प्रार्थनेच्या वेळी लावून घेणार नाही. इंग्लंडात ज्यांना ती पुरेशी ख्रिस्ती वाटली नाही, पुण्यात तीच फाजील ख्रिस्ती ठरली.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. रस्त्याकडेला पडलेल्या मुली आणि विधवा पाहिल्या तेव्हा त्यांना आपलेच बालपण आठवले असणार. शेकडोंना घेऊन त्या परतल्या. पुण्यात प्लेगची धास्ती, नव्या मुली शहरात ठेवण्यास सरकारी मनाई. म्हणून केडगावच्या माळावर घेतलेल्या शेतजमिनीवर हे बिऱ्हाड उतरले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या, आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

गृहिणींनी क्षणभर हिशेब करून पाहावा. दिवाळीला वीस पाहुणे आले तर आपली तारांबळ उडते. इथे दोन हजार तोंडे, ठरलेले उत्पन्न अपुरे, आणि विहिरींचा भरवसा पावसावर. कोणी आजारी, कोणी चोरून खाणारी, कोणी रात्री किंचाळून उठणारी. त्यांना लिहावाचायला शिकवायचे, शेत, माग, शिवण, तेलघाणा, छापखाना यांतले काही हाती द्यायचे. आंधळ्या मुलींसाठी ब्रेलची शाळाही निघाली. ज्या नम्रतेचा आजीबाईंनी ध्यास घेतला होता ती इथे उगवली: जेवणाच्या पंगतीत, धान्याच्या कोठारात, आजाऱ्याच्या उशाशी. मान खाली घालणे म्हणजे नम्रता नव्हे. समोरचे काम आपल्याला कमीपणाचे न वाटणे, ही नम्रता.

अखेरची सुमारे अठरा वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. संस्कृतची ही सरस्वती हिब्रू आणि ग्रीक शिकली, आणि ते ज्ञान वापरले ते संस्कृत शब्द टाळण्यासाठी. खेड्यातल्या अर्धशिक्षित बाईला कळेल अशी मराठी तिला हवी होती. खिळे जुळविणाऱ्या, छापणाऱ्या मुक्तीतल्याच बायका. हे भाषांतर मूळाला इतके चिकटून आहे की पुष्कळ ठिकाणी अडखळते, आणि मराठी चर्चमध्ये ते रूढ झाले नाही, हेही सांगितले पाहिजे. ज्या बाईसाठी भाषा सोपी करावयाची तिच्यासाठीच ती कधी कधी अवघड झाली. फळ हाती येईलच असे आज्ञापालनात गृहीत धरता येत नाही.

१९२१ साली मनोरमा गेली. आईचे काम पुढे चालविणारी तीच होती. एकुलत्या मुलीच्या मृत्यूनंतरही रमाबाईंनी भाषांतराचे काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले.

रमाबाईंचे शंका विचारणे थांबले होते असे म्हणवत नाही. त्यांनी एवढेच केले, की उत्तर मिळेपर्यंत काम अडवून धरले नाही. वाँटेजच्या मठाला जी आज्ञाधारकता त्यांच्यात सापडली नाही, ती केडगावच्या कोरड्या जमिनीत त्यांनी पंचवीस वर्षे राबविली. मुक्ती मिशन आजही तिथे चालू आहे.