दिनविशेष : २७ एप्रिल २०११ – बांबूचा परवाना ग्रामसभेच्या हाती

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावी आजच्या दिवशी केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हवाली झाले. सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा गावाचा सामूहिक हक्क २००९ मध्येच मान्य झाला होता. पण हक्क कागदावर आणि बांबू जंगलात, अशी गत होती. २००६ चा वनहक्क कायदा बांबूला गौण वनोपज, म्हणजे गावाला गोळा करून विकता येणारे उत्पादन मानतो, १९२७ चा वन कायदा मात्र झाड मानत होता. त्यामुळे वनखात्याच्या वाहतूक परवान्याशिवाय एक काठीही बाहेर विकता येत नव्हती. वर्षानुवर्षे या भागातला बांबू मात्र दीर्घ मुदतीच्या करारांवर कागद गिरणीला जात होता आणि आदिवासींच्या वाट्याला फक्त तोडणीची मजुरी येत होती. हा अन्यायच होता. गावचे नेते देवाजी तोफा आणि सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ आणि सर्वानुमतीने चालणारी ग्रामसभा, यांच्या बळावर गावाने चिकाटीने लढा दिला. पुढे ग्रामसभेने स्वतः निविदा मागवल्या. बांबू हवा असलेल्या व्यापाऱ्याला आता गावाशीच करार करावा लागला. वन कायद्यातील झाडांच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला, तो २०१७ मध्ये.