‘द लाँग गुडबाय’ : एक सिनेमा, दोन पोस्टरं

आज ज्या सिनेमाबद्दल बोलायचंय तो एकाच वर्षात दोनदा प्रदर्शित झाला. रीळं तीच, नट तेच, शेवटही तोच. मार्च १९७३ मध्ये लॉस एंजेलिस आणि आणखी काही शहरांत तो लागला आणि सपशेल पडला. न्यूयॉर्कचं प्रदर्शन ऐनवेळी रद्द करून कंपनीने तो गुंडाळून ठेवला. ऑक्टोबरच्या अखेरीस तोच सिनेमा न्यूयॉर्कमध्ये आला आणि तिथे त्याचं कौतुक झालं. मधल्या सात महिन्यांत काय बदललं? पोस्टर. निदान युनायटेड आर्टिस्ट्स या कंपनीचं म्हणणं तरी तेच होतं. ते कितपत खरं, ते आपण बघू.

आधी एक सूचना. मी शेवट सांगणार आहे. सगळं भांडण शेवटावरूनच असल्यामुळे माझा इलाज नाही.

रेमंड चँडलरची ‘द लाँग गुडबाय’ ही कादंबरी ब्रिटनमध्ये १९५३ साली आणि अमेरिकेत १९५४ साली आली. पुढच्या वर्षी तिला एडगर पुरस्कार मिळाला. तिचा नायक फिलिप मार्लो हा लॉस एंजेलिसमधला खाजगी डिटेक्टिव्ह. खिसा रिकामा, जिभेला धार, पण माणूस विकला जाणारा नाही. एका रात्री त्याचा दोस्त टेरी लेनॉक्स दारात येतो आणि सीमेपलीकडे तिहुआनाला सोडायला सांगतो. मार्लो काही न विचारता त्याला सोडून येतो. नंतर कळतं की टेरीच्या बायकोचा खून झालाय. पोलीस मार्लोला कोठडीत टाकतात. तरी तो दोस्ताविरुद्ध एक शब्द बोलत नाही. पुस्तक वरवर खुनाचं असलं, तरी आतून ते मैत्रीचं आहे.

आता थोडं मागे जाऊ. मार्लो पडद्यावर आला की प्रेक्षक काय समजून तिकीट काढतात, हा घोळ पहिल्यापासूनचा आहे. १९४४ साली चँडलरच्या ‘फेअरवेल, माय लव्हली’वर सिनेमा निघाला. नायक होता डिक पॉवेल, तोवर गाण्याबजावण्याच्या सिनेमांतला गोड चेहरा. हे नाव आणि हा नट बघून लोकांना वाटलं, आणखी एक संगीतपट आला! शेवटी स्टुडिओने नाव बदलून ‘मर्डर, माय स्वीट’ केलं. खून नावातच घातला म्हटल्यावर गैरसमजाला जागा उरली नाही.

मग आला १९४६ चा ‘द बिग स्लीप’. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स, मार्लोच्या भूमिकेत हम्फ्री बोगार्ट. याची एक प्रत १९४५ मध्येच तयार होती आणि परदेशातल्या अमेरिकन सैनिकांना दाखवलीही गेली होती. पण बोगार्ट आणि लॉरेन बॅकॉल ही जोडी लोकांना हवी आहे हे ओळखून स्टुडिओने दोघांचे नवे प्रसंग चित्रित केले. त्यांना जागा करायला कोणता प्रसंग उडवला असेल? कथानकाचा उलगडा करणारा! परिणाम असा की न्यूयॉर्क टाइम्सच्या बॉस्ली क्राउदरने डोकं चक्रावून टाकणारा सिनेमा म्हणून त्याला फटकारलं. चित्रीकरणाच्या वेळी कथेतल्या एका ड्रायव्हरचा खून झाला की त्याने आत्महत्या केली, यावर हॉक्स आणि बोगार्टचा वाद झाला, तेव्हा त्यांनी थेट चँडलरला तार केली. चँडलरने पुढे एका पत्रात लिहून ठेवलंय की मलाही ते ठाऊक नव्हतं. प्रेक्षकांचं मात्र काहीच अडलं नाही. त्यांना बोगार्ट मिळाला होता. कुणी कुणाला मारलं याचा हिशेब लागला नाही तरी चालेल, माणूस पक्का हवा.

या ‘बिग स्लीप’च्या तीन पटकथालेखकांत विल्यम फॉकनर होता, ज्यूल्स फर्थमन होता आणि ली ब्रॅकेट होती. हे नाव लक्षात ठेवा. तिची कादंबरी वाचून हॉक्सने ‘त्या ब्रॅकेट नावाच्या माणसाला’ बोलवा म्हणून फर्मान सोडलं होतं, आणि समोर येऊन उभी राहिली एक तरुणी. सत्तावीस वर्षांनी ‘द लाँग गुडबाय’ची पटकथा याच ब्रॅकेटबाईंनी लिहिली. म्हणजे बोगार्टचा मार्लो घडवण्यात ज्या हाताचा वाटा होता, त्याच हाताने तो मोडला. १९७३ च्या टीकेत दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमनवर जितकी आग पाखडली गेली, तितकं लक्ष या गोष्टीकडे दिलं गेलं नाही, असं मला वाटतं. ब्रॅकेटबाईंचं म्हणणं साधं होतं. तीस वर्षांच्या नकलांनी हा करारी डिटेक्टिव्ह गुळगुळीत झालाय, त्याला तसाच उभा केला तर तो खोटा वाटेल.

ऑल्टमन आणि नायक एलियट गुल्ड यांची कल्पना अशी की मार्लो वीस वर्षं झोपला होता आणि थेट १९७३ च्या लॉस एंजेलिसमध्ये जागा झाला. ‘रिप व्हॅन मार्लो’ म्हणायचे ते त्याला. अंगात गडद सूट, गळ्यात टाय, गाडी १९४८ ची. एकामागून एक सिगरेट ओढतो, काडी दिसेल त्या भिंतीवर ओढतो. आसपास सगळे योगासनं आणि तब्येतीच्या मागे. सिनेमाची सुरुवात होते ती मध्यरात्री मांजरासाठी खाणं आणायला निघालेल्या मार्लोपासून. मांजराला हवा तो डबा दुकानात नाही, म्हणून तो भलतंच खाणं जुन्या डब्यात भरून त्याला फसवायला बघतो. मांजर फसत नाही, निघून जातं. खून नाही, पिस्तूल नाही, पहिली कितीतरी मिनिटं मांजरच! बोगार्ट बघायला आलेल्या माणसाची त्या अंधारात काय अवस्था झाली असेल, विचार करा.

आणि मग हा प्रेक्षक हसत असतानाच त्याला एक धक्का बसतो. मार्टी ऑगस्टीन हा गुंड मार्लोला धमकवायला येतो, गप्पा मारता मारता कोकाकोलाची बाटली उचलतो आणि आपल्याच मैत्रिणीच्या तोंडावर फोडतो. हिच्यावर माझं प्रेम आहे, तू तर मला आवडतही नाहीस, तेव्हा तुझं काय करीन बघ, असा त्याचा मथितार्थ. हा प्रसंग कादंबरीत नाही.

शेवट तर उलटाच केलाय. कादंबरीत टेरी निर्दोष ठरतो, चेहरा बदलून मार्लोकडे परत येतो, आणि मार्लो त्याचे पैसे परत करून त्याला निरोप देतो. मैत्री संपते ती शब्दांत. सिनेमात खून टेरीनेच केलेला असतो. त्याने दोस्ताला नुसतं वापरलेलं असतं, वर त्याबद्दल खंतही नसते. मार्लो मेक्सिकोत त्याला शोधून काढतो, गोळी घालतो आणि माउथ ऑर्गन वाजवत रस्त्याने निघून जातो. ऑल्टमनला हा शेवट इतका हवा होता की त्याला कुणी हात लावायचा नाही, अशी अट त्याने करारातच घालून घेतली होती.

लॉस एंजेलिस टाइम्सच्या चार्ल्स चॅम्प्लिनला हा मार्लो अजिबात सहन झाला नाही. गबाळा, दाढी वाढलेला, मठ्ठ, हा कसला डिटेक्टिव्ह, असा त्याचा सूर. टाइम साप्ताहिकात जे कॉक्सने ऑल्टमनला चँडलरची टवाळी केल्याबद्दल झोडपलं. ही माणसं चँडलर मनापासून वाचणारी होती आणि त्यांची तक्रार मी उडवून लावणार नाही. मार्लोने कधी कुणाला गोळी घातली नाही असं नव्हे, पण नि:शस्त्र दोस्ताला थंड डोक्याने मारणारा मार्लो चँडलरचा नाही. ऑल्टमनने आपण कादंबरी पूर्ण वाचली नसल्याचं सांगून त्यांच्या जखमेवर मीठच चोळलं. गंमत म्हणजे चँडलरच्या पत्रांचं आणि टिपणांचं पुस्तक मात्र त्याने युनिटमधल्या लोकांना वाचायला दिलं होतं.

आता पोस्टरकडे येऊ. कंपनीने परीक्षणं तपासली आणि निष्कर्ष काढला की आपण हा सिनेमा नेहमीचा रहस्यपट म्हणून विकला, तिथे चुकलं. मग नवं पोस्टर काढून घेतलं ते ‘मॅड’ या विनोदी मासिकाच्या जॅक डेव्हिसकडून. सगळी पात्रं अर्कचित्रांत, तोंडाजवळ बोलण्याचे फुगे. म्हणजे दारावरच सांगितलं, बाबांनो, इथे थट्टा चाललीय. द न्यूयॉर्करमध्ये पॉलीन केल यांनी भरभरून लिहिलं. न्यूयॉर्क टाइम्सने वर्षातल्या दहा उत्तम सिनेमांत त्याला घेतलं. विल्मोस झिग्मंडच्या छायाचित्रणाला नॅशनल सोसायटी ऑफ फिल्म क्रिटिक्सचा पुरस्कार मिळाला.

पण पोस्टरची कथा मला अर्धीच पटते. बाकीच्या अमेरिकेत हा सिनेमा नव्या पोस्टरनंतरही फारसा चालला नाही. आणि त्या सात महिन्यांत आणखी एक गोष्ट घडत होती. मे महिन्यापासून वॉटरगेटची सिनेट चौकशी टीव्हीवर घरोघरी दिसत होती. २० ऑक्टोबरच्या रात्री निक्सनने विशेष सरकारी वकिलाला काढून टाकलं, आणि आठवडाभरातच हा सिनेमा न्यूयॉर्कमध्ये लागला. ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला तोच खोटारडा निघाला, ही गोष्ट मार्चमधल्या प्रेक्षकाला जितकी विकृत वाटली असेल तितकी ऑक्टोबरमधल्या प्रेक्षकाला वाटली नसावी. याला पुरावा नाही, हा माझा अंदाज आहे. पण मला तो पोस्टरपेक्षा जास्त पटतो.

बोगार्टच्या जातीचा मार्लो मागणाऱ्यांना तो लवकरच मिळाला. १९७५ साली ‘फेअरवेल, माय लव्हली’ पुन्हा निघाला, मूळ नावानेच. काळ चाळीसच्या दशकातला आणि मार्लोच्या भूमिकेत थकलेल्या डोळ्यांचा रॉबर्ट मिचम. समीक्षकांनी त्याला जवळ केलं. सिनेमा खरंच चांगला आहे. पण अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत २०२१ साली जपण्यासाठी निवडला गेला तो गबाळ्या मार्लोचा.

मला नेहमी विचारतात, चँडलरला हा सिनेमा आवडला असता का? तो १९५९ सालीच गेला, त्यामुळे उत्तर कोण देणार! बोगार्ट त्याला आवडला होता, हातात पिस्तूल नसतानाही हा माणूस कणखर दिसतो असं त्याने लिहिलंय. पण स्वतःच्या मनातल्या मार्लोच्या सगळ्यात जवळचा नट म्हणून त्याने एका पत्रात नाव घेतलं ते कॅरी ग्रँटचं.