गाडीचा एसी आणि गळतीचा इतिहास

१/ गाडीचा एसी गार हवा देईनासा झाला की जाणकार मेकॅनिक आधी कॉम्प्रेसरचा क्लच ओढतो का ते पाहतो, मग गेज लावून गॅसचा दाब मोजतो आणि दाब कमी भरल्यास गळती शोधतो. या तीन पायऱ्यांमागे आठ दशकांहून अधिक काळाचा इतिहास आहे.

२/ १९३९ साली अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने कारखान्यातूनच वातानुकूलन बसवलेली मोटार सादर केली. मात्र तिच्या कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. थंडीच्या दिवसांत यंत्रणा बंद ठेवायची तर इंजिन थांबवून पट्टाच काढावा लागे. महागडी आणि गैरसोयीची ही सोय काही वर्षांतच बंद पडली.

३/ १९५४ मध्ये नॅश-केल्व्हिनेटर कंपनीने शीतकपाटांचा अनुभव मोटारीत उतरवला. सारी यंत्रणा पुढच्या भागात आली, नियंत्रणे डॅशबोर्डवर आली आणि विजेवर चालणारा क्लचही आला.

४/ आत खेळणारा गॅस होता आर-१२, म्हणजेच फ्रिऑन. १९३० साली थॉमस मिजली यांनी रसायनतज्ज्ञांच्या सभेत तो छातीत भरून घेतला आणि त्याच श्वासाने मेणबत्ती विझवली. हा गॅस विषारी नाही आणि पेटतही नाही, हे त्यातून सिद्ध झाले.

५/ घरच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर पूर्ण बंदिस्त असतो. मोटारीतला मात्र इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणून त्याचा दांडा कवचाबाहेर येतो. तेथील सील आणि रबरी नळ्या झिजतात, गॅस झिरपतो. निरुपद्रवी समजला गेल्याने गळती न शोधता तो पुन्हा भरून देण्याचीच रीत पडली.

६/ १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवले की असे वायू ओझोनचा थर नष्ट करू शकतात. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनची घट उघड झाली. १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ साली सामील झाला.

७/ आर-१२ च्या जागी आर-१३४ए आला. जुन्या गाडीत तो नुसता भरून भागत नसे, कारण आधीचे खनिज तेल त्यात मिसळत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. म्हणून तेल बदलावे लागे. दोन्ही गॅसांची सरमिसळ टाळण्यासाठी जोडण्याही वेगळ्या ठेवल्या गेल्या.

८/ गॅस घटला की दाबाचा स्विच क्लचला ओढूच देत नाही. म्हणजे एसीचे बंद पडणे अनेकदा बिघाड नसून कॉम्प्रेसर वाचवण्याची तजवीज असते.

९/ आर-१३४ए ओझोनला अपाय करत नाही, पण पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून प्रबळ आहे. म्हणून २०१६ च्या किगाली दुरुस्तीने त्याच्या वर्गातील वायूंवरही टप्प्याटप्प्याने मर्यादा घातली. गळती न शोधता गॅस भरला, तर गाडी काही दिवस गार होते आणि गॅस पुन्हा आभाळात जातो.