ज्यांचा आजार, त्यांचेच संशोधन

गडचिरोलीहून आलापल्लीकडे जाणारा रस्ता चामोर्शीवरून पुढे जातो. वैनगंगेच्या काठी वसलेले मार्कंडा देवस्थान येथून जवळच आहे. महाशिवरात्रीला तेथे मोठी यात्रा भरते. या परिसरात मराठीची झाडीबोली, गोंडी, बंगाली आणि तेलुगू अशा भाषा शेजारी शेजारी नांदतात. उन्हाळ्यात तेंदूपानांचा हंगाम येतो. धानाची कापणी आटोपली की मिरची तोडण्यासाठी तेलंगणात जाणारे मजुरांचे जथे निघतात. अलीकडे लोहखनिज वाहून नेणाऱ्या ट्रकांची वर्दळही वाढली आहे. एचआयव्ही प्रतिबंधाच्या शास्त्रात स्थलांतरित मजूर आणि लांब पल्ल्याचे ट्रकचालक यांना 'सेतू गट' म्हटले जाते. संसर्ग अधिक असलेल्या गटांकडून तो सर्वसाधारण लोकवस्तीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग त्यांच्यातून जाऊ शकतो. अशा भागातील माणसांना त्यांच्या खासगी आयुष्याविषयी प्रश्न विचारायचे तर ते कोणी, कोणत्या भाषेत आणि कोणत्या अधिकाराने विचारावेत, हा प्रश्न वैद्यकाइतकाच सामाजिकही आहे.

संकल्पना

ज्या समाजाचा प्रश्न असेल त्यातील माणसे विषय ठरविणे, माहिती गोळा करणे, तिचा अर्थ लावणे आणि उपाय योजणे या चारही टप्प्यांवर सहभागी असतात, अशा अभ्यासाला समाजाधारित संशोधन म्हणतात. एचआयव्हीच्या संदर्भात या पद्धतीला विशेष महत्त्व आले. हा संसर्ग लैंगिक संबंध, नशेच्या इंजेक्शनांच्या सामाईक सुया, दूषित रक्त आणि मातेकडून बाळाला होणारे संक्रमण यांतून पसरतो. यांतील बहुतेक गोष्टींविषयी माणूस परक्याजवळ मोकळेपणाने बोलत नाही. उत्तरे खोटी आली की आकडे खोटे येतात आणि त्यांवर आखलेला कार्यक्रमही फसतो.

अल्पसंख्य समाजांना संशोधकांविषयी वाटणाऱ्या अविश्वासाला इतिहास आहे. अमेरिकेतील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात उपदंश झालेल्या सुमारे ४०० कृष्णवर्णीय पुरुषांचे केवळ निरीक्षण केले गेले. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यानंतरही त्यांना ते दिले गेले नाही. पुढे एड्सची साथ आली तेव्हा त्याच समाजाला तिची झळ सर्वाधिक बसली, परंतु तिचा अभ्यास करणाऱ्यांत त्या समाजातील माणसे मोजकीच होती. ही उणीव भरून काढण्यासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील एड्स प्रतिबंध अध्ययन केंद्राने १९९० च्या दशकात एक कार्यक्रम सुरू केला. अल्पसंख्य समाजांत काम करणाऱ्या नवोदित प्राध्यापकांना उन्हाळ्यात केंद्रात बोलावणे, प्रत्येकाला एक अनुभवी मार्गदर्शक देणे, आपल्याच समाजात छोटा प्राथमिक अभ्यास करण्यासाठी निधी देणे आणि मोठ्या अनुदानाचा प्रस्ताव लिहिण्यास मदत करणे, असे त्याचे स्वरूप होते. प्रशिक्षण संपल्यावरही मार्गदर्शकाचा हात सुटत नाही, हे या पद्धतीचे मर्म.

वसा आणि अमिर्झा

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार येथील ३८.७ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये येथे कामाला प्रारंभ केला. त्यांच्या 'सर्च' संस्थेचे 'शोधग्राम' धानोरा मार्गावर उभे राहिले. तेथील दवाखान्याला आदिवासींच्या इच्छेनुसार दंतेश्वरी देवीचे नाव देण्यात आले.

वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी काढलेले निष्कर्ष १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तपासलेल्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार आढळले आणि एकेका स्त्रीमागे सरासरी ३.६ आजार निघाले. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. तोपर्यंत ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढेच गृहीत धरले जात असे. अंगावरून पांढरे जाण्याचा त्रास वर्षानुवर्षे मुकाट्याने सोसणाऱ्या बायांचे दुखणे या अभ्यासामुळे प्रथमच जगाच्या नोंदीवर आले.

एचआयव्ही प्रतिबंधाशी या निष्कर्षांचा थेट संबंध आहे. उपचार न झालेल्या लैंगिक आजारांमुळे एचआयव्हीचा संसर्ग सुलभ होतो. टांझानियातील म्वांझा येथे अशा आजारांवर चांगले उपचार उपलब्ध करून दिल्यावर एचआयव्हीच्या नव्या संसर्गात सुमारे ४० टक्के घट झाल्याचे १९९५ मध्ये दिसून आले. मात्र युगांडातील राकाई येथे सरसकट औषधे वाटूनही तसा परिणाम आढळला नाही. साथीचा टप्पा आणि स्थानिक परिस्थिती बदलली की उत्तर बदलते. म्हणूनच प्रत्येक प्रदेशाला स्वतःचा अभ्यास लागतो.

आरोग्यदूतांची परंपरा

कमी शिकलेली खेड्यातील स्त्री शास्त्रीय काम करू शकेल का, या शंकेचे उत्तरही गडचिरोलीने दिले. 'सर्च'ने ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. नवजात बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, जंतुदोष ओळखणे, गरजेनुसार इंजेक्शन देणे आणि प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवणे त्या शिकल्या. या गावांची तुलना अन्य ४७ गावांशी करण्यात आली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. पुढे २०११ मध्ये केंद्र शासनाने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात बालसेवेचा कार्यक्रम देशभर स्वीकारला. हे काम एचआयव्हीचे नव्हते, तरी प्रशिक्षण एकदाच न उरकता देखरेख, उजळणी आणि चुकांची दुरुस्ती सतत चालू ठेवण्याची जी रीत त्यातून सिद्ध झाली ती एचआयव्हीच्या कामालाही लागू पडते.

सांगलीचा धडा

एचआयव्ही प्रतिबंधात हे तत्त्व महाराष्ट्रात सर्वांत ठळकपणे दिसले ते सांगलीत. 'संग्राम' संस्थेने १९९२ पासून वेश्याव्यवसायातील स्त्रियांनाच सहशिक्षिका म्हणून घडविण्यास आरंभ केला. निरोध वाटण्यापासून सुरू झालेल्या या कामातून १९९६ मध्ये 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' ही त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली. ज्यांना तोवर रोगाचे वाहक समजले जात होते, त्या आता प्रतिबंधाच्या कार्यकर्त्या झाल्या. कोलकात्यातील सोनागाछी येथे डॉ. स्मरजित जाना यांनी १९९२ मध्येच असा प्रयोग आरंभिला होता.

घडण कशाची?

स्थानिक संशोधकाच्या प्रशिक्षणात नमुना निवड, प्रश्नावली आणि आकडेमोड यांना स्थान असतेच. खरी परीक्षा होते ती गोपनीयतेची. बाहेरचा माणूस गाव सोडून जातो. गावातला माणूस तिथेच राहतो. त्याला भाषा येते, नाती कळतात, कोण कशामुळे गप्प आहे हे ओळखता येते. पण ज्या शेजारणीची चाचणी झाली ती उद्या पाणवठ्यावर भेटणार असते. शे-दोनशे घरांच्या गावात फुटलेला एक शब्द एखाद्या स्त्रीला घराबाहेर काढू शकतो. म्हणून नावाऐवजी क्रमांक वापरणे, नोंदी कुलपात ठेवणे, स्वतःच्या नात्यातील कुटुंबाची मुलाखत दुसऱ्याकडे सोपविणे आणि नकार देणाऱ्याचा मान राखणे हे शिकवावे लागते. भाषांतराचाही प्रश्न असतो. 'जोखीम' किंवा 'संमती' हे शब्द गोंडीत कसे मांडावेत, हे बोलणाऱ्यांनीच ठरवावे लागते.

या दक्षतेला आता कायद्याचे बळ आहे. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय चाचणी करणे, संसर्गाची माहिती उघड करणे आणि नोकरी, शिक्षण वा उपचारांत भेदभाव करणे यांना त्याने मनाई केली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांतही समाजाच्या सहभागावर भर आहे.

पुढील वाट

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात (२००७-१२) लिंक वर्कर योजनेद्वारे खेड्यांतील तरुण-तरुणींना या कामात आणले गेले. मोफत एआरटी औषधोपचार एप्रिल २००४ पासून उपलब्ध झाले. नियमित उपचारांनी रक्तातील विषाणू न आढळण्याइतका कमी झाला, तर लैंगिक संबंधातून संसर्ग पसरत नाही, हेही सिद्ध झाले आहे. देशातील प्रौढांमध्ये संसर्गाचे प्रमाण आज सुमारे ०.२ टक्के आहे. पण आदिवासीबहुल मिझोराममध्ये ते देशात सर्वाधिक आहे. दुर्गमता हे संरक्षण नव्हे, एवढे त्यातून स्पष्ट व्हावे.

डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये आदिवासी आरोग्याचा अहवाल केंद्राला सादर केला. आदिवासींच्या आरोग्याविषयी स्वतंत्र माहितीचा अभाव त्याने अधोरेखित केला. ही माहिती गोळा करणारी पिढी घडविण्यासाठी गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे आणि आरोग्यदूतांचा अनुभवही आहे. चामोर्शीतील एखादी पदवीधर युवती आपल्या भाषेत प्रश्न तयार करील, उत्तरांचा अर्थ लावील आणि निष्कर्ष प्रथम आपल्या ग्रामसभेपुढे ठेवील, तेव्हा या प्रशिक्षणाचे सार्थक होईल. शोधनिबंधावर तिचे नाव लेखिका म्हणून छापले जाणे हाही त्या हक्काचाच भाग आहे.